तेलाचा रंग लिहिताना सेलही लिहा

तेलंगणात भाताच्या गिरण्या पुष्कळ, त्यामुळे हैदराबादच्या आमच्या प्रयोगशाळेत कोंड्याचे तेल नेहमीचेच. एकदा एका कारखान्याचा शुद्ध तेलाचा टँकर खरेदीदाराच्या दारातून परत आला. कारखान्याच्या अहवालापेक्षा तिथे रंगाचा आकडा कितीतरी जास्त आला होता. भेसळीचा संशय घेतला गेला. नमुना आमच्याकडे आल्यावर उलगडा झाला: एकाने रंग एक इंची सेलमध्ये (तेल भरायच्या काचेच्या पात्रात) मोजला होता, दुसऱ्याने सव्वापाच इंची सेलमध्ये. प्रकाशाला जितके जास्त तेल ओलांडावे लागते, तितका रंग गडद दिसतो. दोन्ही अहवालांत सेलचा उल्लेखच नव्हता. तेल निर्दोष असूनही भाडे आणि विश्वास दोन्ही गेले.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की करारात आणि अहवालात पद्धत, सेल आणि सूत्र लिहा. आपल्याकडे लोविबाँड टिंटोमीटरवर, म्हणजे रंगीत काचांशी जुळवून रंग मोजायच्या यंत्रावर, खाद्यतेलाचा रंग बहुधा ‘पिवळा अधिक पाच पट लाल’ असा काढतात. पिवळा १० आणि लाल १.५ असेल तर उत्तर १७.५. लाल वाचनात अर्ध्याची चूक झाली, तर उत्तर अडीचने हलते. म्हणून लाल काचा जपून जुळवा, डोळे थकले की थांबा, आणि लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

नमुना स्वच्छ हवा. थंडीत तेलात मेण किंवा घट्ट चरबी दिसू लागली, तर ते पूर्ण नितळ होईपर्यंत कोमट करा आणि गाळून घ्या. गढूळपणा रंग म्हणून मोजला जातो. सेलवरचा बोटांचा तेलकट डागही पुसा.

पेट्रोलियमच्या मालात तर मोजपट्टीच वेगळी. वंगणतेलासाठी एएसटीएम डी १५०० ची पट्टी ०.५ ते ८ अशी चढते. आकडा वाढला की रंग गडद. रंगहीन केरोसिनसारख्या मालाची सेबोल्ट पट्टी +३० पासून −१६ पर्यंत उतरते; तिथे मोठा आकडा म्हणजे अधिक फिका माल. पट्टीचे नाव न लिहिता नुसता आकडा पाठवला, तर चांगला माल वाईट ठरू शकतो.

रंग हा इशारा आहे, निकाल नव्हे. आकडा अनपेक्षित आला, तर आधी एकच नमुना दोन्ही प्रयोगशाळांत एकाच सेलमध्ये मोजा. तरीही फरक उरला, तरच आम्लता आणि भेसळीच्या चाचण्यांकडे वळा. टँकर परत पाठवण्याचा निर्णय त्यानंतरच घ्या.