पूलचं क्लोरीन: रोज मोजा, चार्टवर बघा

फार्महाऊस किंवा रिसॉर्ट चालवताय? पूलचं पाणी निळं दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका. क्लोरीन संपलेलं पाणीही निळंच दिसतं, आणि त्यात पाहुण्यांची मुलं उतरतात.

गूगल शीटमध्ये सहा कॉलम करा: तारीख, वेळ, फ्री क्लोरीन, पीएच, किती जण उतरले, काय किती टाकलं.

१. रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी मोजा, क्लोरीन टाकायच्या आधी.

२. लाईन चार्ट काढा. १ आणि ३ पीपीएमवर आडव्या रेषा मारा. पीएच ७.२ ते ७.८ ठेवा.

३. आठवड्यातून एकदा रात्रीची परीक्षा घ्या. अंधार पडल्यावर मोजा, काही टाकू नका, उजाडायच्या आत पुन्हा मोजा.

दिवसा क्लोरीन ऊन आणि गर्दी खाते. रात्री दोन्ही नसतात. तरीही १ पीपीएमपेक्षा जास्त घसरलं, तर पाण्यात शेवाळ किंवा घाण आहे. मग नुसता रोजचा डोस वाढवून भागत नाही; भिंती घासा, फिल्टर बॅकवॉश करा, शॉक ट्रीटमेंट द्या.

आणि रेषा १ च्या खाली गेली, तर शनिवारचं बुकिंग फुल असलं तरी पूल बंद. आकडा वर आला, की उघडा.

आजच पहिली नोंद करा!