रात्रपाळी आणि निद्रा

नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी बंद पडली. परंतु रात्रपाळी संपली नाहीं. नांदेड-लातूर भागांत उसाचें गाळप सुरू झालें कीं साखरकारखाने रात्रंदिवस चालतात. रात्रपाळीचा कामगार दिवसा निजतो, तरी त्याचा थकवा कां जात नाहीं?

इ. स. १७२९ मध्यें द मेराँ या फ्रेंच ज्योतिर्विदानें लाजाळूचें झाड काळोखांत ठेविलें. सूर्य दिसत नसतांही त्याचीं पानें दिवसा उघडत व रात्रीं मिटत. असेंच घड्याळ आपल्या शरीरांत असून तें मुख्यतः प्रकाशावरून वेळ जुळवितें. त्याची रचना उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या घड्याळामुळेंच दिवसाची झोंप उथळ व अपुरी होते. आणि यंत्रापाशीं किंवा रस्त्यावर क्षणभर डोळा लागला, तरी प्राणावर बेततें.

उपाय साधे आहेत. पाळीच्या उत्तरार्धांत चहा टाळावा; घरीं येऊन अंधाऱ्या, थंड खोलींत निजावें; कामावर जाण्यापूर्वी पुन्हा थोडी झोंप घ्यावी. मात्र घरांतील गलबला थांबविणें निजलेल्याच्या हातीं नसतें. ज्याचे वडील रात्रपाळी करितात, त्यानें सकाळचा धडा मनांतल्या मनांत वाचावा. तीही पितृसेवाच होय.