दिवाडीच्या भाटाला माणूस हवा

चि. सोनू,

आजोळचं घर विकायचं नाही असं तू ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पुण्यात राहून दिवाडी बेटावरचं माडांचं भाट कसं सांभाळू, भरवशाचा माणूस कुठे मिळेल, असं विचारलं आहेस.

आधी माझी चूक सांगतो. तुझी आजी गेल्यावर मी नदीपलीकडच्या एका ठेकेदाराला वर्षाचं काम देऊन टाकलं. त्याची माणसं फेरीबोटीने नऊला यायची आणि गवत कापून चारच्या आत परत जायची. अंगण चकाचक दिसायचं. पण गवत कापायच्या मशीनने कोवळ्या कलमांची साल बुंध्याशी सोलली गेली आणि दोन हापूस उभ्याउभ्या वाळले. शेणखताची रास त्यांनी माडांच्या मधोमध घातली होती. गेंड्या भुंगा अंडी घालतो तो अशाच कुजक्या राशीत. पाऊस सरल्यावर माडांची नवी झावळं उलगडली ती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी.

मग नार्व्याचा एक पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, आला. मजुरीचं बोलण्याआधी तो माडावर चढला. शेंड्यात लोखंडी आकडा घालून त्याने भुंगा ओढून काढला आणि खाली येऊन माझ्या तळहातावर ठेवला. काळा कुळकुळीत, डोक्यावर शिंग. पुन्हा वर जाऊन त्याने झावळांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरली. मग विहिरीपाशी जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाला, रोपांना हे नको. मे महिना होता. आपली विहीर खाजनाच्या कडेला, उन्हाळ्यात तिचं पाणी मचूळ होतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

असा माणूस शोध. फोनवर मिळायचा नाही. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला विचार. तो घरोघर जातो, कुणाच्या परसात कोण राबतं ते त्याला ठाऊक असतं. जुने गोवे, सां पेद्रो आणि नार्वे, तिन्ही धक्क्यांवर पहिल्या फेरीला कोण कामाला निघतं ते बघ. मग त्याचं स्वतःचं परस बघून ये. ज्याच्या दारच्या केळी नीट आहेत, त्याच्याशी पुढे बोल.

सगळं काम एकदम देऊ नकोस. आधी चार माडांची आळी करून घे. नारळ पाडपाचे पैसे माडामागे, बाकीच्या कामाची रोजी, हे सुरुवातीलाच वहीत लिही. पैसे त्याच संध्याकाळी द्यायचे. पाण्याला भरती असली, फेरी उशिरा सुटली, तर त्याची मजुरी कापू नकोस. बेट लहान आहे. तू एकाचे पैसे थकवलेस तर दुसऱ्या दिवशी ते सगळ्या वाड्यांवर कळतं आणि मग कुणी येत नाही. माझ्याच शेजाऱ्यावर ही वेळ आलेली मी पाहिली आहे.

चवथीला, ऑगस्टातल्या बोंदेराच्या सणाला, गोकुळाष्टमीच्या नार्व्याच्या जत्रेला त्याला कामावर बोलावू नकोस. पावसात ओल्या माडावर चढ म्हणू नकोस, नारळ पडले तर पडू देत. नारळ विकास मंडळाची माडावर चढणाऱ्यांसाठी ‘केरा सुरक्षा’ नावाची विमा योजना आहे. तिचा अर्ज त्याच्यासोबत बसून तू भर. जो आपल्यासाठी चाळीस-पन्नास फूट चढतो, त्याच्या घरच्यांची काळजी आपल्याला असलीच पाहिजे. यात मागेपुढे करू नकोस.

मृगाच्या आधी पाट उपसून व्हायला हवेत, म्हणून एप्रिलमध्येच चार दिवस काढून ये. घराची किल्ली माझ्याकडे आहे.

तुझा
मामा