सहलीची तारीख ठरवण्याआधी पंचांग उघडा

मी शिक्षिका नाही. कोल्हापुरात सातवीत शिकणाऱ्या एका मुलीची आई आहे, आणि माझं माहेर मालवणचं. शाळेतली हस्तलिखितं, बालसभा, आनंदबाजार यांचे फोटो मी इतर पालकांना नेहमी पाठवते. आज मात्र फक्त समुद्रसहलीबद्दल लिहिते, कारण ती एकदा पूर्ण फसली आणि एकदा जमली. फरक कशाने पडला, ते तुमच्या उपयोगाचं आहे.

गेल्या वर्षी शाळेने सहल काढली ती नेहमीच्या पद्धतीने. सोयीचा शनिवार, पहाटे पाचला बस, रात्री परत. आंबोलीला नाश्ता करून मुलं साडेअकराला मालवणच्या रॉक गार्डनला पोचली. तिथले खडक, त्यांतली डबकी, डबक्यांतले जीव बघायचे असं पत्रकात छापलं होतं. पण त्या दिवशी पौर्णिमा होती. खडक पाण्याखाली! मुलांनी वरूनच लाटा बघितल्या, वडापाव खाल्ला आणि बसमध्ये गाणी म्हटली. नंतर अहवाल लिहायचा होता. माझ्या मुलीने एक वाक्य लिहिलं, "समुद्र खूप मोठा होता." उरलेली दीड पानं मी सांगितली आणि तिने उतरवली. खरं सांगा, तुमच्याकडे येणारे किती अहवाल असेच असतात?

माझ्या भावाला फोनवर हे सांगितलं. तो रापणीवर जातो. तो हसलाच. "पुनवेक दुपारी येवन काय बघतलात? समुद्र काय तुमच्या घड्याळार चालता?"

मग त्याने मुलीला एक हिशेब शिकवला. कोकणात तो पूर्वापार चालत आलाय. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीन वाजता भरती, दुपारी आणि पहाटेही. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. (इथे मी डोक्याला हात लावला.) कृष्ण पक्षातही पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी.

यामागचं कारण सातवीच्या भूगोलात आहेच. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. आजोबांनी ५० मिनिटांचा पाऊण तास धरला, एवढंच. त्यामुळे हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो आणि बंदरागणिकही फरक पडतो. नक्की वेळेसाठी देहरादूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात. आणि शेवटचा शब्द तिथल्या मच्छीमाराचा.

अजून एक गोष्ट. फक्त ओहोटीची वेळ साधून भागत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं उतरत नाही. खडक चांगले उघडे पडतात ते अमावास्या-पौर्णिमेच्या जवळच्या दिवसांत. ही दोन्ही गणितं जुळवली, तर पौर्णिमेनंतरची तृतीया-चतुर्थी बरी पडते, सकाळी आठ-पावणेनऊला ओहोटी. पण कोल्हापूरहून एवढ्या सकाळी पोचणार कसं? म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आला. मुक्काम म्हटल्यावर खर्च वाढला, मुलींच्या पालकांची काळजी वाढली. पालकसभेत तासभर वाद झाला. त्यात यंदाची चतुर्थी संकष्टीची, म्हणजे मालवणला जाऊन मासे नाहीत ही काही बाबांची खरी तक्रार! शेवटी दोन आया सोबत गेल्या, त्यात मी.

सकाळी साडेसातला मुलं खडकांवर होती. बाईंनी खडूने पाण्याच्या कडेला खूण केली. दर पंधरा मिनिटांनी नवी खूण, आणि टेपने अंतर मोजायचं. पहिल्या तीन खुणा खाली खाली गेल्या. डबक्यांत कालवं, बार्नेकल, बोट जवळ नेलं की मिटणारी समुद्रफुलं. एक मुलगा वीस मिनिटं एकाच डबक्यापाशी उकिडवा बसला होता. वर्गात तो दोन मिनिटं एका जागी बसत नाही, असं बाई म्हणाल्या. पावणेनऊनंतरची खूण मात्र वर सरकली. लगेच शिट्टी वाजली आणि सगळे बाहेर. कुणाची गय नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, हे आम्ही पालकसभेत बोललो होतो. पाणी फिरलं की मोजमाप अर्धं राहिलं तरी चालेल, हा नियम तिथेच ठरला.

आता माझी चूक. प्रदर्शनासाठी चार शंख आण, असं मीच मुलीला सांगितलं होतं. तिने कंपासपेटीत आणले. दुसऱ्या दिवशी दप्तराला घाण वास. एका शंखात खेकडा होता, मेलेला. हे खेकडे रिकाम्या शंखात घर करतात, हे मला लहानपणापासून माहीत. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हेही माहीत. तरी "प्रोजेक्ट" म्हटल्यावर माझंही डोकं चाललं नाही. मुलगी रडली, मग माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

प्रदर्शनात तिच्या टेबलावर शंख नव्हते. पाण्याच्या खुणांचा आलेख होता आणि शेजारी खेकड्याची गोष्ट, मी न सांगितलेली. "आईने आणायला सांगितले" हे वाक्यही होतं. बाईंनी विचारलं, खोडायचं का? मी म्हटलं, राहू दे.

येत्या वर्षासाठी शाळेने तारीख अजून ठरवलेली नाही. मुलीने पंचांगातून तीन तारखा काढून बाईंना दिल्यात. त्यातली एक नेमकी घटक चाचणीच्या आठवड्यात येते.