दुखणं उतारावर हवं

शुक्रवारी तुझी खालची उजवी अक्कलदाढ निघणार, असं वहिनी फोनवर म्हणाली. दाढ आडवी आहे, हिरडी कापून थोडं हाड कोरावं लागेल, टाके पडतील. घाबरू नकोस. बारामतीत दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं मी डॉक्टरांच्या शेजारी उभी राहिले. दाढ काढताना रडणारी माणसं थोडी. सुईनं जबडा बधिर झाला की ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं, तेवढंच. रडत येतात ती नंतर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणून दाढ काढण्याचं डॉक्टरांवर सोड आणि त्यानंतरच्या आठ दिवसांचं माझ्याकडून ऐक.

माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, निमगाव केतकीच्या पानमळ्यात जन्मभर राबली. बाळंतिणीपासून पायात काटा मोडलेल्या गड्यापर्यंत सगळ्यांना ती एकच विचारायची, "दुखणं चढावर हाय का उतारावर?" दवाखान्यात मी पुढे कितीतरी मोठे शब्द ऐकले, पण दाढेच्या बाबतीत आजीच्या या प्रश्नापुढे कुठलाच गेला नाही. दाढ काढल्यावर दुखणारच. पण ते रोज थोडं थोडं कमी व्हायला हवं. पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त दुखतंय, गोळी घेऊनही रात्री झोप नाही, असं झालं तर काहीतरी बिनसलंय. त्या वेळी घरात बसायचं नाही.

सूज मात्र या हिशेबात धरू नकोस. ती पहिल्या दिवशी कमी असते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल टम्म होतो आणि मग ओसरते. तिसऱ्या दिवशी आरशात बघून घाबरणारे मी शेकड्यांनी पाहिले. पहिला दिवसभर टॉवेलात बर्फ गुंडाळून बाहेरून धर, पंधरा मिनिटं ठेवायचा, पंधरा मिनिटं काढायचा. आपल्याकडे सूज दिसली की तवा तापवून शेक द्यायची घाई करतात. पहिल्या दोन दिवसांत शेक दिला तर सूज वाढते, रक्तही सुटू शकतं. जबडा आखडला असेल तर तिसऱ्या दिवसापासून कोमट शेक चालतो.

आता तुझ्या बापाची गोष्ट. तू पाच वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही. तुकोबांची पालखी बारामतीला यायच्या आदल्या दिवशी दादानं दाढ काढून घेतली. मी म्हटलं, "आता आठ दिवस वारीचं नाव काढू नका." पण माणूस ऐकतोय कशाला. संध्याकाळीच कट्ट्यावर बसून तंबाखू मळली, दुसऱ्या गालात धरली आणि म्हणाला, "या बाजूला तर काही नाही ना!" मग दिंडीबरोबर सणसरकडे निघाला. पालखीमार्गाची धूळ, उन्हातली चाल, जागोजागी चहा, आणि चहा कसा, तर बशीत ओतून फुर्रकन ओढायचा. बेलवाडीच्या रिंगणाच्या दिवशी घोडा धावत होता आणि दादा कानावर हात दाबून झाडाखाली बसला होता. दाढेचं दुखणं कानात गेलं होतं, कानातून कानशिलात. दिंडीतल्या कुणीतरी कानात कोमट तेल सोडलं. रात्रभर माणूस तळमळला, पण दाढेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. तो स्वतःच म्हणत होता की कान फुटलाय.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्याला गाडीत घातलं आणि इंदापूरला एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आत टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं. दाढ काढलेल्या जागी काळपट लाल रक्ताची गुठळी दिसायला हवी, ती नव्हती. रिकामा खड्डा, तळाशी फिकट हाड उघडं, आणि वास असा की मीही तोंड फिरवलं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. १८९६ साली क्रॉफर्ड नावाच्या डॉक्टरनं त्याचं पहिलं वर्णन केलं, असं आमचे डॉक्टर सांगायचे. साध्या दाढा काढल्या तर शंभरात दोन-पाच जणांना होतं, पण खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेला ते प्रमाण कितीतरी जास्त. काही नोंदींत शंभरात तीसपर्यंत. इंदापुरात डॉक्टरांनी मिठाच्या कोमट पाण्यानं खड्डा धुतला आणि लवंगतेलाचं औषध लावलेली पट्टी आत अलगद बसवली. तासाभरात दादा गाडीत मान टाकून झोपला. दोन-दोन दिवसांनी तीनदा पट्टी बदलावी लागली, पण कान त्याच दिवशी "बरा" झाला.

म्हणजे सगळी लढाई त्या गुठळीची आहे. तीच हाडावरचं पांघरूण, आणि तिच्यावरच खालून नवं मांस भरत येतं. तोंडात ओढ बसली की ती सुटते. म्हणून नळीनं नारळपाणी नको, रसवंतीचा रस नळीनं नको, बशीतला फुरका नको, पचकन थुंकणं नको. लाळ आली तर गिळ, नाहीतर बेसिनवर वाकून तोंड उघड आणि नुसती पडू दे. पहिल्या दिवशी चूळही भरायची नाही. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून तोंडात धर, मान हळूच इकडून तिकडे कर आणि पाणी ओघळू दे. जेवणानंतर आणि झोपताना. गुळण्या खळखळायच्या नाहीत.

तंबाखूचं तर मी हात जोडून सांगते. मावा, बार, विडी, सिगरेट, निदान आठ दिवस काहीही नको. "दुसऱ्या गालात" असा काही प्रकार नसतो. तंबाखूनं रक्ताच्या बारीक नसा आवळतात, जखमेला रक्त पोचत नाही, मग तंबाखू कुठल्याही गालात ठेव. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे, तरी इंदापूर-बारामतीच्या पोरांची तोंडं मी पाहिली आहेत. पंचविशीच्या आत गाल आतून पांढरे, लाकडासारखे कडक, आणि तोंडात दोन बोटंही जात नाहीत. दाढ काढायच्या आधी आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघ. जात नसतील तर ते शुक्रवारच्या आधी डॉक्टरांना सांग. मावा खात असशील तर तेही सांग. मी वहिनीला बोलणार नाही.

बायकांनाही हे लागू आहे. तुझी आई मशेरी लावत नाही, पण गावातल्या कितीतरी जणी लावतात आणि "दात घासायला आहे, तंबाखू थोडीच" म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आणखी एक, कुणाला सांगायला लाज वाटू नये. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही ड्राय सॉकेट व्हायची शक्यता वाढते, त्या बाईनं डॉक्टरांच्या कानावर घालावं. साखर असेल तर, रक्त पातळ व्हायची गोळी असेल तर, हाडं ठिसूळ झाल्याचं औषध असेल तर, तेही. रक्त पातळ करायची गोळी मात्र कुणीही आपल्या मनानं बंद करायची नाही.

रक्ताचं सांगते. गॉजचा बोळा दिला की पाऊण तास घट्ट दाबून बसायचं, दर पाच मिनिटांनी काढून बघायचं नाही. दिवसभर लाळ गुलाबी दिसली तर ते चालायचंच. तोंड रक्तानं भरत असेल तर उठून बस, झोपू नको, उकळून गार केलेल्या स्वच्छ सुती कापडाची घडी नीट जागेवर ठेव आणि पुन्हा पाऊण तास चावून धर. कापड नसेल तर टी-बॅग ओली करून दाबलीस तरी चहातल्या तुरटपणानं रक्त आवळतं. एवढं करूनही थांबत नसेल तर रात्रीचे किती वाजलेत ते बघायचं नाही, निघायचं.

पहिल्या रात्री दोन उशा घेऊन झोप. आणि रात्रीची थ्री-फेज लाइट आली म्हणून उसाची दारं धरायला जाऊ नको. बॅटरी घेऊन वाकायचं, फावड्यानं बांध फोडायचा, याच कामांनी जखमेतून पुन्हा रक्त सुटतं. पाण्याची पाळी गेली तर गेली, शेजाऱ्याला सांग. गाडीही स्वतः चालवत घरी जाऊ नको, कुणालातरी बरोबर घे.

आता आजीच्या औषधांचं. तिच्यातली काही मी आजही सांगते, काही सोडून दिली. लवंग ती किडक्या दाढेत धरायला द्यायची आणि ते बरोबरच होतं. पण ताज्या जखमेत लवंग कोंबायची नाही, बाजारातलं लवंगतेल थेट ओतायचं नाही, हिरडी भाजते. डॉक्टर तेच औषध मोजून, पट्टीला लावून, उघड्या हाडासाठी वापरतात. हळद, राख, तंबाखूची भुकटी, गोळी कुटून खड्ड्यात भरणं, यातलं काही नको. आणि एक मोठी चूक सांगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खड्ड्यावर पांढुरकी-पिवळसर साय दिसते. लोक तिला पू समजून काडीनं, इअरबडनं खरवडतात. तो पू नव्हे, जखम भरायला लागल्याची ती खूण आहे. दुखणं उतारावर असेल तर तिला हात लावू नकोस. पू असला तर वास येईल, ताप येईल, दाबल्यावर ठणका मारेल.

जेवण आजीचंच कर. रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजत घालायचं, सकाळी पाणी घालून मंद आचेवर शिजवायचं, गुठळी राहू द्यायची नाही, मीठ आणि जिऱ्याची पूड, मिरची नाही. कोमट झाल्यावर ही आंबील वाटीनं हळूहळू प्यायची, फुरका न मारता. याशिवाय मऊ वरणभात, खिमट, केळं, दही. भाकरी चार-पाच दिवसांनी, तीही दुधात कुस्करून. शेंगदाण्याचं कूट, तीळ आणि आपल्याच बागेतलं डाळिंब, या तिघांना लांब ठेव. त्यांचा दाणा खड्ड्यात गेला की निघत नाही. उजनीची चिलापी आवडते हे माहीत आहे, आठवड्यानं खा, काटे काढून. बधिरपणा उतरेपर्यंत काहीच खायचं नाही, गरम चहा तर नाहीच. ओठ चावला जातो आणि कळत नाही.

बधिरपणा काही तासांत जातो. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ मुंग्या आल्यासारखी लागली तर डॉक्टरांना सांग. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठ-हनुवटीची शीर जाते, अक्कलदाढेची मुळं कधी कधी तिला टेकलेली असतात. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते. वरच्या दाढेचं वेगळं. तुझ्या मावशीची वरची दाढ निघाली तेव्हा पाणी पिताना नाकातून यायला लागलं होतं. वरच्या मुळांच्या डोक्यावर पोकळी असते, तिथे वाट पडली की असं होतं. तेव्हा नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, आणि लगेच दवाखाना.

आणि हे शेवटचं नीट वाच. सूज गालावरून उतरून हनुवटीखाली, गळ्याकडे गेली, खालचा भाग दगडासारखा कडक झाला, लाळ गिळता येईना, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा यायला लागला, जीभ वर उचलली गेली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर डॉक्टरांना फोन करून वाट बघत बसू नको. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं या दुखण्याचं वर्णन केलं, आणि आजही ते काही तासांत श्वासाची वाट बंद करू शकतं. १०८ ला फोन कर, गाडी फुकट येते. दातांच्या दवाखान्यात नाही, मोठ्या रुग्णालयात जायचं. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीला सिल्व्हर ज्युबिली आणि शासकीय मेडिकल कॉलेज आहे, ते सांगतील तर पुढे पुण्याला ससून. माझ्या तीस वर्षांत असं मी दोनदाच पाहिलं. दोघांनीही "उद्या बघू" म्हणून रात्र काढली होती. एक वाचला.

गोळ्या दिल्या असतील तेवढ्या पूर्ण घे, उपाशीपोटी नको, शेजारच्या काकांची पाकिटातली नको. टाके सातव्या दिवशी काढायला ये, विरघळणारे असले तरी एकदा दाखव. दोन-तीन आठवड्यांनी हिरडीतून टोकदार काही लागलं तर दाढेचा तुकडा राहिला म्हणून डॉक्टरांवर रागवू नको. बहुतेक वेळा ती हाडाची बारीक कपची असते, ते चिमट्यानं काढतात.

शुक्रवारी दाढ काढून थेट माझ्याकडे ये, निमगावला जायची घाई नको. चार दिवस राहा, मी रोज टॉर्चनं बघेन. पीठ मी गुरुवारी रात्री ताकात भिजत घालते. येताना एक्स-रे आणि औषधांची चिठ्ठी आण.