भाच्यास पत्र : सुपरकपॅसिटर आणि ई-सिगारेट

बुढापारा, रायपूर
रविवार, सकाळ

चि. बाळ यास,


तुझं पत्र आणि सोबतची आकृती मिळाली. होस्टेलातल्या तुझ्या मित्राच्या खिशात ई-सिगारेटची बॅटरी पेटली, मांडी भाजली, आणि तेव्हापासून तुझ्या मनात घोळतंय की लिथियमच्या जागी सुपरकपॅसिटर बसवला तर असं पुन्हा व्हायचं नाही. हाच शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घेऊ का, असं विचारतोस. दुसऱ्याची जखम पाहून तुझं डोकं कामाला लागलं, याचं मला फार बरं वाटलं. म्हणून उत्तर लिहायच्या आधी मी स्वतः करून पाहिलं.

माझ्याकडे 100 फॅराड, 2.7 व्होल्टचा एक सुपरकपॅसिटर होता. बोटाच्या दोन पेरांएवढा लांब, अंगठ्यापेक्षा जरा जाड. एक ओहम भरेल एवढी नायक्रोमची तार मोजून तिचं वेटोळं केलं, कपॅसिटर पूर्ण भरला आणि घड्याळ लावून तीन-तीन सेकंद जोडत गेलो. एक जोडणी म्हणजे एक झुरका. पहिल्या वेळी तार छान लाल झाली. पाचव्या वेळी लाली उतरली. दहाव्या वेळी ती नुसतीच तापली. कागदावर मांडलं तर तेच निघतं : दर झुरक्याला व्होल्टेज तीन टक्के उतरतं, म्हणून उष्णता सहा टक्के उतरते, आणि दहा झुरक्यांत ती जवळजवळ निम्म्यावर येते. बॅटरी शेवटपर्यंत बऱ्यापैकी एका पातळीवर वीज देते. कपॅसिटर पाण्याच्या टाकीसारखा, जितकं काढाल तितका दाब कमी.

आता साठा बघ. या कपॅसिटरात भरल्यावर साधारण 365 ज्यूल असतात. 18650 मापाच्या एका चांगल्या लिथियम सेलमध्ये सुमारे 36,000. सेलचं वजन याच्या दुप्पट आहे, पण ऊर्जा शंभर पट. तू आकृतीत व्होल्टेज चढवणारं सर्किट दाखवलं आहेस, ते बरोबर आहे. तरीही व्होल्टेज निम्म्यावर येईतो हाती लागणार तीन चतुर्थांश ऊर्जा, म्हणजे दहा-बारा झुरके. शिवाय भरून ठेवलेला कपॅसिटर नुसता पडून राहिला तरी काही आठवड्यांत बराचसा झिरपून रिकामा होतो. त्याचे गुणही मोठे आहेत. 10 अँपिअरनं भरला तर अर्ध्या मिनिटात भरतो, आणि लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी थकत नाही. लिथियम सेल पाचशे ते हजार वेळांत म्हातारा होतो.

सुरक्षित म्हणशील, तर तिथेही सांभाळून. मी चुकून दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला तेव्हा त्याचं टोक वितळून खड्डा पडला. बोटात अंगठी असती तर मित्रासारखी माझीही कातडी गेली असती. आणि पुष्कळ सुपरकपॅसिटरांत ॲसिटोनायट्राइल हा द्रव असतो. तो ज्वालाग्राही आहे, विषारीही. 2.7 व्होल्टच्या वर ताणला की आत वायू साचतो आणि डबी फुटते. ही वस्तू ओठांपासून चार बोटांवर धरायची, हे तुझ्या आकृतीत कुठेच धरलेलं नाही. लिथियमचा धोका खरा आहे, त्यात वाद नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं 2009 ते 2016 मध्ये ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या 195 घटना नोंदवल्या, त्यांतल्या बऱ्याच खिशातच झालेल्या.

पण बाळ, माझं मुख्य म्हणणं विजेचं नाही. हे सगळं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तू आजोबांना पाहिलं नाहीस. ते आधी बिडी ओढत, मग साध्या सिगारेटी. छातीत घरघर सुरू झाली तेव्हा कुणीतरी सांगितलं, फिल्टरवाली घ्या, तिनं काही होत नाही. त्यांनी विश्वासानं फिल्टरवाली घेतली. दिवसाला आठ होत होत्या, त्या बारा झाल्या, कारण आता मनात भीती उरली नव्हती. शेवटची दोन वर्षं ते खाटेवर बसूनच झोपत. आडवं झालं की श्वास अडायचा. रात्री पाठ चोळायला मी असे. तुझी आकृती पाहिली आणि मला तो फिल्टर आठवला. बॅटरी बदललीस तरी वात तीच, तार तीच, द्रव तोच. निकोटिन तेवढंच जाणार, तापलेल्या तारेतून निकेल आणि क्रोमियमचे कण तसेच जाणार. फक्त डबीवर ‘आता सुरक्षित’ असं लिहायला एक कारण मिळेल, आणि ते कारण तुझ्या हातचं असेल.

आपल्या छत्तीसगडात हे अधिकच लागतं. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशात शंभरातले 29 प्रौढ तंबाखू घेत होते, इथे 39. इथल्या बायका दात घासायला म्हणून गुडाखू, म्हणजे तंबाखू-गुळाची पेस्ट, घेतात आणि आयुष्यभर सोडू शकत नाहीत. संध्याकाळी बुढा तलावाच्या काठी फिरतो तेव्हा शाळकरी वयाच्या मुलांच्या मुठीत रंगीत पेनासारखी ती वस्तू दिसते. आंब्याचा, पुदिन्याचा वास येतो. गुडाखूही गोडच असतो रे.

कायद्याचंही सांगून ठेवतो. 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे. नाव, आकार, रूप काहीही असो, निकोटिन असो वा नसो; आणि ‘बनवणं’ यात सुटे भाग जोडणंही आलं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आत वीज कशातून येते, हे कायदा विचारत नाही.

सुपरकपॅसिटर मात्र सोडू नकोस. शांघायमध्ये 2006 पासून त्यावर बस धावली, थांब्यावर उभी राहून भरून घेत. पवनचक्कीची वीज गेली तर पाती वळवायला तो लागतो. 2024 मध्ये केरळात कन्नूरला केल्ट्रॉननं त्याचा कारखाना सुरू केला. जिथे थोडी वीज पटकन, पुन्हा पुन्हा हवी, तिथे तो राजा आहे.

मला एक काम दिसतं. सरस्वती सायकल योजनेत आपल्याकडे नववीच्या मुलींना सायकली मिळतात. संध्याकाळी शिकवणीहून त्या परततात तेव्हा मागे दिवा नसतो. डायनॅमो लावला तरी सायकल थांबली की दिवा विझतो, आणि ट्रकच्या पुढे नेमकी तीच वेळ वाईट. 1 फॅराड, 5.5 व्होल्टचा छोटा कपॅसिटर घे. त्यात 15 ज्यूल मावतात. त्यांतले दहा वापरले तरी 0.05 वॅटचा लाल एलईडी तीन मिनिटं जळतो. बॅटरी बदलायची भानगड नाही, रायपूरच्या मे महिन्याच्या उन्हातही टिकेल. यात गणित आहे, जोडकाम आहे, पाऊस-धूळ-धक्क्यांची परीक्षा आहे. सरांना दाखवायला भरपूर आहे.

मित्राकडे ती ई-सिगारेट अजून असेल तर सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायला सांग, घरच्या कचऱ्यात नको. आणि तू स्वतः ओढतोस का, हे तू लिहिलं नाहीस. ओढत असशील तर मला सांग. रागावणार नाही, सोडायला सोबत करीन.

प्रोजेक्टचं नाव सरांकडे देण्याआधी बदल. दिवाळीला येशील तेव्हा जुना डायनॅमो आणि आईची सायकल तयार ठेवतो. पहिला दिवा आपण दोघं इथेच, तलावाच्या रस्त्यावर, लावून बघू.

तुझा
मामा