महाविद्यालयीन तरुण आणि मद्यपान : एका रात्रीचा धोका

शिक्षणासाठी शहरात आलेला विद्यार्थी वसतिगृहात अथवा भाड्याच्या खोलीत प्रथमच स्वतंत्रपणे राहू लागतो. परीक्षेचा शेवटचा दिवस, मित्राचा वाढदिवस किंवा ३१ डिसेंबरची रात्र अशा निमित्ताने, बहुधा मित्रांच्या आग्रहाखातर, मद्याचा पहिला पेला त्याच्या हाती येतो. मद्यपानाचे दुष्परिणाम म्हटले की यकृताचे जुनाट विकार आठवतात. ते खरेच आहेत. तथापि एकाच बैठकीत घेतलेले अतिरिक्त मद्यही प्राणघातक ठरू शकते, ही बाब दुर्लक्षित राहते.

बिअरविषयीचा गैरसमज

'बिअर म्हणजे काही दारू नव्हे' असा समज तरुणांत आढळून येतो. प्रत्यक्ष हिशेब वेगळा आहे. ३० मि.लि. व्हिस्की वा रममध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. आठ टक्के मद्यार्क असलेल्या 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मि.लि. बाटलीत तो सुमारे ४० ग्रॅम भरतो. अशी एक बाटली चार लहान पेगांच्या बरोबरीची होय.

या मद्यार्काचे विघटन मुख्यत्वे यकृतात होते व त्याचा वेग साधारणतः तासाला ७ ते १० ग्रॅम एवढाच असतो. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांमुळे तो वाढत नाही. साहजिकच मध्यरात्री मद्य घेतलेला तरुण पहाटेही दुचाकी चालविण्यास अपात्र असू शकतो. १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ.पेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा मोटार वाहन कायद्यान्वये गुन्हा आहे.

'झोपला की उतरेल'

बेशुद्ध पडलेल्या मित्राला झोपू देणे ही सर्वांत घातक चूक होय. पोटातील मद्य झोपेतही रक्तात मिसळत राहते. श्वसन मंदावते, उलटी श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा संभव असतो. हलवूनही जाग न येणे, श्वास मिनिटाला आठांहून कमी होणे, अंग थंड वा निळसर पडणे, झटके येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्णाला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये, मुद्दाम उलटी करवू नये, काहीही पाजू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनाविलंब बोलवावी.

दूरगामी परिणाम

मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असते. या काळातील अतिरिक्त मद्यपानाने स्मरणशक्ती व एकाग्रता यांवर विपरीत परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला. आरोग्याला सर्वस्वी निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

सर्वांची जबाबदारी

व्यसनाधीनतेबाबत १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनाशुल्क मार्गदर्शन मिळते. पण कित्येकदा शिक्षेच्या किंवा घरी कळण्याच्या भीतीने मित्र मदत मागण्यास कचरतात आणि मोलाचा वेळ वाया जातो. मदतीसाठी हाक मारणाऱ्या विद्यार्थ्याला आधी मदत मिळेल, चौकशी नंतर होईल, असा विश्वास वसतिगृहप्रमुख, प्राध्यापक आणि पालक यांनी सत्राच्या आरंभीच दिला, तर एखाद्या तरुणाचे प्राण त्यामुळे वाचू शकतील.